टोपी, बूट आणि शेवटची किकलाइन

एप्रिल जवळ आला की टेक्सासहून येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्वागत-सोहळ्याच्या, 'मम'वर (शेवंतीच्या फुलाचा, रिबिनी सोडलेला भलामोठा बिल्ला) किती पैसे घालवावेत यावरून नवरा-बायकोची भांडणं माझ्यापर्यंत येतात. मार्च सरला की सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय, ड्रिल टीमचा स्प्रिंग शो. बारावीतल्या, म्हणजे सीनियर मुलींचा हा निरोपाचा कार्यक्रम. माझ्या दोन्ही मुली ह्यूस्टनजवळच्या शाळेत ड्रिल टीममध्ये होत्या. त्या कधीच्या कॉलेजात गेल्या, पण विंगेत सुईदोरा आणि सेफ्टी पिना घेऊन उभं राहायची माझी खोड काही गेली नाही. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ याच पत्रांना.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. ड्रिल टीम म्हणजे शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर उतरणारा मुलींचा नाचाचा ताफा. काउबॉय टोपी, पांढरे बूट, झालरीचा पोशाख, आणि एकमेकींच्या पाठीमागे हात अडकवून सगळ्यांचे पाय एकदम टोपीच्या कडेपर्यंत नेणारी किकलाइन. याचं मूळ टेक्सासच्या किलगोर कॉलेजात. १९४० साली तिथल्या डीन मास्टर्स यांना मध्यंतरात प्रेक्षक जागेवर बसून राहतील असं काहीतरी हवं होतं. नाहीतर लोक उठून स्टँडखाली जात आणि बाटल्या उघडत, असं सांगतात. त्यांनी गसी नेल डेव्हिस या बाईंना आणलं आणि 'रेंजरेट्स' उभ्या राहिल्या. बाईंनी त्याआधी ग्रीनव्हिलच्या हायस्कुलात असाच ताफा बसवलेला होता. तिथून हे खूळ राज्यभर पसरलं. उन्हाळ्यात कॅम्प, पावसाळी-थंडीच्या शुक्रवारी सामने, जानेवारीपासून स्पर्धा आणि शेवटी हा शो, असं मुलींचं वर्ष.

फ्रिस्कोहून एक आई: *ताई, मुलगी चार वर्षं ड्रिल टीममध्ये आहे. पहाटे अंधारात तिला शाळेत सोडलं, गुडघ्याला बर्फ लावला, सगळं केलं. पण प्रत्येक कार्यक्रमात ती ओळीच्या अगदी टोकाला. आता निरोपाच्या शोला पुण्याहून तिचे आजी-आजोबा येताहेत आणि तरी ती टोकालाच! सोलो करणाऱ्यांतही तिचं नाव नाही. तिच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला अख्खं सभागृह तिला एकटीला बघायला आलं होतं. डिरेक्टरबाईंना मेल करून एकदा तरी मधे घ्या म्हणावं का? ती म्हणते, "आई, अजिबात नाही."*

तुम्ही मुलीची उंची लिहिली नाहीत, पण मी पैजेवर सांगते, पाच फूट एक किंवा दोन इंच असणार. किकलाइन उंचीनं लावतात. सगळ्यांत उंच मुली मधोमध, आणि दोन्ही बाजूंना उतरत उतरत बुटक्या टोकाला. लांबून टोप्यांची कड एका सलग रेषेत उतरलेली दिसली पाहिजे, म्हणून. यात लायकीचा काही संबंध नाही.

आणि टोकाची जागा कशी असते ते या वेळी जरा नीट बघा. मधल्या मुलीला दोन्हीकडून हात असतो. टोकाच्या मुलीला एकाच बाजूनं, दुसरा हात नुसता कमरेवर. तिचा तोल गेला तर सावरायला त्या बाजूला कोणी नाही. ओळ चक्रासारखी फिरते तेव्हा मधल्या मुली जवळजवळ जागच्या जागी पाय उडवतात, आणि टोकाच्या मुलीला त्याच आठ मात्रांत मोठं वर्तुळ पुरं करावं लागतं, किक न चुकवता, चेहऱ्यावरचं हसू न हलवता. माझी धाकटी टोकाला होती. सीझन संपला की तिच्या बुटांची टाच एका बाजूनं झिजलेली असायची. डिरेक्टर तिथे कच्ची मुलगी उभी करत नाहीत.

मेल करू नका. बारावीच्या मुलीसाठी आईनं डिरेक्टरला असं लिहिणं म्हणजे तिची शोभा करणं, आणि टीममध्ये अशी गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. अरंगेत्रम तुमच्या घराचं कार्य होतं. हॉल तुम्ही घेतला, पत्रिका तुम्ही छापल्या, मुलगी मध्यावर होती, तसंच ते असायला हवं. हा शो टीमचा आहे. यात तुमच्या वाट्याला तिकिटं काढणं आणि केशभूषेच्या खोलीत हेअरस्प्रे मारणं एवढंच येतं.

तिकिटांचं मात्र ऐका. आपली माणसं भाविकपणे पहिल्या रांगेत बसतात. पहिल्या रांगेतून किकलाइनमधले फक्त बूट दिसतात. मधल्या रांगांत बसा, बाल्कनी असेल तर बाल्कनीच घ्या. आजोबांना श्रवणयंत्र असेल तर आवाज कमी करून द्या, कारण या शोमधले स्पीकर आणि किंचाळणाऱ्या मैत्रिणी दोन्ही झेपत नाहीत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन खेळ असतील तर आजी-आजोबांना शुक्रवारी न्या. गुरुवारी दिव्यांचे घोळ असतात. शनिवारी सीनियर मुली पहिल्या गाण्यापासून रडत असतात आणि काजळ गालावर येतं. शनिवारी तुम्ही दोघं जा.

केटीहून एक बाबा: *मुलीनं मला न विचारता 'डॅड्स डान्स'मध्ये माझं नाव दिलं आहे. वय ५२, उजव्या गुडघ्याचं एमआरआय झालेलं. नाच म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत केला तेवढाच. आता व्हॉट्सॅपवर निरोप आहे की दर रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात तालीम, आणि टुटूसाठी, म्हणजे त्या बॅलेच्या जाळीच्या झग्यासाठी, कमरेचं माप कळवा. टुटू! नाही म्हटलं तर ती रुसेल का?*

रुसणार नाही. "इट्स ओके, बाबा," म्हणेल आणि विषय संपवेल. तुम्हाला रुसवा परवडला असता, हे परवडणार नाही. माप कळवून टाका.

दादा, त्या रंगमंचावर कोणालाच नाचता येत नसतं. भूलतज्ज्ञ, तेल कंपनीतले इंजिनियर, एखादा सहा फुटी माजी फुटबॉलपटू, सगळे गुलाबी जाळीच्या झग्यात घामाघूम. प्रेक्षकांना तेच बघायचं असतं. त्या रात्रीची सगळ्यांत मोठी आरोळी कॅप्टनच्या सोलोला मिळत नाही, ती बापांच्या किकलाइनला मिळते.

आता गुडघ्याचं. नाच बसवणारी एखादी आई नाहीतर टीममधल्या ऑफिसर, म्हणजे कॅप्टन-लेफ्टनंट मुलीच असतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. या नाचांत हटकून कुठेतरी बाप गुडघ्यावर घसरत पुढे येतात. त्या वेळी तुम्ही मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे आधीच ठरवून घ्या. किक कमरेच्या वर न्यायची नाही. पाय उचलताना शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकायचा नाही, हात पाठीमागे नुसता टेकलेला असावा, नाहीतर दोघं आडवे व्हाल. ऑफिसचे चामडी तळव्याचे बूट घालू नका, रंगमंचावर अंथरलेल्या व्हिनाइलवर ते बर्फासारखे सरकतात. आणि तालमीआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. मांडीचा मागचा स्नायू धरून भिंतीला टेकलेला एक तरी बाबा मला दरवर्षी दिसतो, आणि तो नेमका "मला स्ट्रेचिंगची गरज नाही" म्हणालेला असतो.

मोजणीचा घोळ होईल तोही सांगून ठेवते. इथे नाच सुरू करताना "पाच, सहा, सात, आठ" म्हणतात आणि मग एक येतो. आपले लोक 'पाच'ला पाय उचलून मोकळे. शाळेतली पीटीची कवायत आठवा, आठाचंच आवर्तन आहे, नुसतं मधूनच धरायचं.

बऱ्याच शाळांत शेवटच्या आठ-सोळा मात्रांना मुली धावत येऊन आपापल्या बाबांशेजारी उभ्या राहतात. तेवढ्या वेळात खिशातून फोन काढू नका. समोर दोनशे फोन असतात, कोणाचा तरी व्हिडिओ मिळतो. आणि हो, ज्या मुलींचे बाबा इथे नाहीत किंवा या जगात नाहीत, त्यांच्याबरोबर मामा, आजोबा, मोठा भाऊ, कधी आईसुद्धा उभी राहते. तुमच्या रांगेत तशी कोणी असेल तर तालमीत तिच्या माणसाला सामावून घ्या. मराठी बाबांचा एक दोष मी पाहिला आहे. तालमीला वेळेवर येतात, पण मग मागे दोघंतिघं मिळून घराच्या कर्जाच्या व्याजदरावर बोलत उभे असतात.

राउंड रॉकहून एक सीनियर मुलगी (मराठी टंकलेखन आईचं): *मावशी, मी टीमची लेफ्टनंट आहे. स्प्रिंग शोमध्ये प्रत्येक ऑफिसरला एक नाच बसवायला मिळतो. मला प्रॉप डान्स करायचा आहे, लेझीम घेऊन. माझ्या नाचात बारा मुली आहेत, त्यांतल्या दोनच भारतीय. आई म्हणते नऊवारी नेस. मला भीती वाटते की ते फॅन्सी ड्रेस दिसेल. काय करू?*

तुझं पत्र वाचून मी जागेवरून उठले, खरं सांगते. मी इचलकरंजीची. आमच्याकडे लेझीम हलगीवर. हलगी तापवून कडक केली की मुलांचे पाय आपोआप जमिनीवरून उठतात.

आधी सामान. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. बारा लेझमा भारतातून मागवायला वेळ नाही. ऑस्टिनच्या परिसरात मराठी लोक भरपूर आहेत, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये मंडळाच्या लेझमांचं पोतं पडलेलं असणार, आईला चौकशी करायला सांग. आल्यावर प्रत्येक साखळीची कडी पक्कडीनं दाबून घे. तालमीत निसटलेली चकती पहिल्या रांगेतल्या कोणाच्या तरी कपाळावर बसेल. आणि लेझीम जमिनीवर टेकवायची किंवा घासायची नाही. नाचासाठी अंथरलेल्या व्हिनाइलवर लोखंडाचा ओरखडा उठला तर त्याचं बिल टीमला येतं.

आता नाच. एकदम अवघड काही घेऊ नकोस. 'चार आवाज', 'एक जगह', 'पवित्रा', 'दो रुख', शाळेत शिकवतात ते एवढे प्रकार बाराजणींना तीन आठवड्यांत बसतात. तुझ्या मुली ताल मोजण्यात पक्क्या आहेत. त्यांना जड जाईल ते वाकणं. ड्रिल टीममध्ये चार वर्षं "छाती वर, हनुवटी वर" ऐकलेलं असतं, आणि लेझमीत कमरेतून खाली जाऊन गुडघ्यात लवून परत उसळायचं असतं. पहिले दोन दिवस त्यांच्या हातात लेझीम देऊच नकोस, नुसतं वाकणं-उठणं कर. बूट काढायला लाव, अनवाणी किंवा जॅझ शूज.

आवाजाचं एक लक्षात ठेव. बंद सभागृहात बारा लेझमा रेकॉर्डवरचं गाणं गिळून टाकतात. मी तुझ्या जागी असते तर गाणं ठेवलंच नसतं. नुसती हलगी, आणि मधे आठ मात्रा हलगीही बंद, फक्त चकत्या. टेक्सासच्या सभागृहाला ते माहीत नाही.

कपड्यांच्या बाबतीत माझं मत तुझ्या बाजूनं. आईला वाईट वाटेल, पण दोन नाचांच्या मधे विंगेत जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. शिवलेली नऊवारी असली तरी बाराजणींचे काष्टे नीट बसायला दोन हात पुरत नाहीत, ते काम मला ठाऊक आहे. काळी धोतर-पँट, साधा सदरा, कमरेला घट्ट शेला. फेटा नको, तिसऱ्या उडीला सुटतो. फॅन्सी ड्रेस दिसेल ही तुझी भीती कपड्यांनी जाणार नाही, तालमीनं जाईल. कार्यक्रमपत्रिकेत मात्र दोन ओळी लिही, हे काय आहे, कुठलं आहे. आणि त्या दहा अभारतीय मुलींना पहिल्या तालमीत हेच तोंडी सांग. कशासाठी वाकतोय हे कळलं की मुली वेगळ्या वाकतात.

आयर्विंगहून एक आई: *कॉलेजचा प्रवेश झाल्यापासून मुलीचं अभ्यासात लक्ष नाही. फिजिक्समध्ये ६८ आहेत. शो तीन आठवड्यांवर आला आहे. तिला नाचू देणार नाहीत, असं कोणीतरी म्हणालं. खरं का?*

खरं असू शकतं, तेव्हा आजच हालचाल करा. टेक्सासमध्ये १९८४ पासून 'नो पास, नो प्ले'चा कायदा आहे. गुणपत्रिकेच्या टप्प्याअखेर एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे कार्यक्रमात, सामन्यात भाग घेता येत नाही. सरावाला येता येतं. एपीसारख्या (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या दर्जाच्या) काही वरच्या विषयांना सूट असते, ती कोणत्या विषयांना ते तुमच्या शाळा-जिल्ह्याच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या) नियमांत बघा. महत्त्वाचं म्हणजे टप्पा कधी संपतो ती तारीख. ती अजून यायची असेल तर मुलीनं स्वतः, तुम्ही नव्हे, फिजिक्सच्या शिक्षकांना भेटून राहिलेली कामं आणि पुनर्परीक्षा मागावी. दोन गुण म्हणजे काही डोंगर नाही. डिरेक्टरलाही तिनंच सांगावं. ऐनवेळी ओळीतून एक मुलगी गेली तर सगळ्या जागा सरकवाव्या लागतात, आणि ते तिच्या मैत्रिणी लवकर विसरत नाहीत.

मे महिन्याच्या सुरुवातीला एपीच्या परीक्षा असतात हे शोच्या धामधुमीत विसरू नका, एवढं जाता जाता.

डॅलसहून एक बाबा: *शाळा सरकारी, मग टीमचे इतके पैसे कसले? आणि आता म्हणे शोच्या पत्रिकेत मुलीची पूर्ण पानाची जाहिरात द्या.*

डिरेक्टरचा पगार आणि तालमीची जागा शाळेची. पोशाख, कॅम्प, बाहेरून बोलावलेले नृत्यदिग्दर्शक, बस, हे बहुतेक घरच्यांच्या आणि बूस्टर क्लबच्या, म्हणजे टीमसाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या, खिशातून. बूस्टर क्लबचा हिशेब सभेत मांडला जातो, जाऊन विचारा, कोणाला राग येत नाही. पूर्ण पान घेऊ नका, पाव पान पुरतं. फोटो तिचा घ्या, स्वतःचे आशीर्वाद तीन ओळींत संपवा. मराठीत द्यायचे असतील तर मजकूर चित्र म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत काना-मात्रा चौकोन होऊन येतात.

सांगलीहून एक आजी: *बाळ, नातीचा शो मुलानं फोनवर लावून दिला. पहाटे साडेपाचला आंघोळ करून बसले. निम्मा वेळ आवाजच नाही. आणि शेवटी सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडत होत्या की मला वाटलं कुणाचं बरंवाईट झालं. नातीला विचारलं तर म्हणाली, "आजी, लास्ट किक होती." म्हणजे काय गं? आमच्या लेकी सासरी जाताना एवढ्या रडल्या नव्हत्या.*

आजी, नमस्कार. आवाजाचं आधी सांगते. सभागृहात गाणं वाजवायची परवानगी वेगळी आणि तेच इंटरनेटवरून घरोघरी पोचवायची वेगळी. दुसरी महाग आणि किचकट, म्हणून गाणं आलं की आवाज बंद करतात किंवा यंत्रच बंद करतं. तुमच्या फोनचा दोष नाही. मुलाला सांगा, शोचं चित्रीकरण करणाऱ्याकडून व्हिडिओ घे.

आता लास्ट किक. शोच्या शेवटी पूर्ण टीम आपल्या मैदानावरच्या पोशाखात येते, टोपी, बूट, सगळं. चार वर्षं दर शुक्रवारी केलेली किकलाइन एकदा शेवटची होते. ती संपली की सीनियर मुली ओळीतून पुढे येतात. काही शाळांत टोपी काढून रंगमंचावर ठेवतात आणि मागे न बघता विंगेत जातात. काही ठिकाणी नववी-दहावीतली 'धाकटी बहीण' म्हणून नेमलेली मुलगी येऊन गुलाब देते. प्रत्येक शाळेची रीत निराळी. मागे राहिलेल्या मुली सरकून मोकळ्या जागा भरतात, आणि ओळ पुन्हा सलग दिसते. रडू तिथे फुटतं. पुढच्या वर्षीच्या निवडी पुष्कळदा तोवर होऊन गेलेल्या असतात, नवी कॅप्टन कोण हेही ठरलेलं असतं. म्हणजे आपली जागा कोणाची झाली, हे ती समोर बघत असते.

तुम्ही विचाराल, नाच तर पुढेही करता येईल की. तुमची नात भरतनाट्यम शिकली असेल तर ती साठाव्या वर्षी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून 'अडवू', म्हणजे त्यातले मूळ पदन्यास, करू शकेल. किकलाइन एकटीला करता येत नाही. शेजारी तशाच शिकलेल्या चाळीस-पन्नासजणी लागतात, आणि त्या पुन्हा एका जागी कधी येणार नसतात. दोन कॉलेजला डॅलसला, एक न्यूयॉर्कला, एक सैन्यात. सतरा-अठराव्या वर्षी एखादी गोष्ट कायमची संपण्याचा बहुतेकींचा हा पहिलाच अनुभव. रडू द्यावं. तिला फोन केलात तर तिच्या शेजारी कोण उभी असायची तिचं नाव विचारा. मग बघा किती बोलते.

सॅन अँटोनिओहून एक आई: *मुलीला ऑस्टिनच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला आहे. शो झाल्यापासून तिच्या डोक्यात किलगोरच्या रेंजरेट्सची निवडचाचणी द्यायचं आहे. ते दोन वर्षांचं कॉलेज! हे संतापले आहेत. तुमचं स्पष्ट मत द्या.*

स्पष्ट देते. किलगोरला हसण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात तिथे निवड होते, देशभरातून मुली येतात, आणि निकालाची पाटी वरून खाली सोडतात. लाल ब्लाउज, निळा स्कर्ट, पांढरी टोपी, ड्रिल टीमच्या मुलींसाठी ते पंढरपूर आहे. दोन वर्षांचं कॉलेज म्हणून अभ्यास वाया जात नाही. राज्याचा ४२ क्रेडिट तासांचा सामाईक अभ्यासक्रम तिथे पुरा केला तर टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत तो धरला जातो.

पण ऑस्टिनची कॉम्प्युटर सायन्सची जागा सोडून दिली तर दोन वर्षांनी बदली घेऊन त्याच विभागात शिरणं फार अवघड, आणि पहिल्या वर्षासाठी मिळालेली शिष्यवृत्तीही बहुधा हातची जाते. माझी मुलगी असती तर मी ऑस्टिन सोडू दिलं नसतं. शिक्षण, इंग्रजी साहित्य, नृत्य, व्यवसाय व्यवस्थापन यांपैकी काही शिकणार असती तर मी स्वतः गाडी काढून तिला किलगोरला नेलं असतं. यजमानांना सांगा, 'दोन वर्षांचं कॉलेज' हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा काढू नका, मुद्दा तो नाही. आणि तिला सांगा, ऑस्टिनला नाचणाऱ्यांची वाण नाही. विद्यापीठाचे स्वतःचे चमू आहेत, शिवाय भांगडा, रास, बॉलिवूड फ्युजन यांच्या विद्यापीठाविद्यापीठांत स्पर्धा होतात. तिथे किकलाइनमधून आलेल्या मुलीला लगेच उचलतात, कारण तिला ओळीत राहता येतं आणि ती तालमीला उशिरा येत नाही.

शुगरलँडहून एक मुलगी: *शाळेनं सीनियर मुलींना टोपी ठेवून घ्यायला दिली. मे अखेर भारतात जातेय, आजोबांना दाखवायची आहे. बॅगेत कशी नेऊ?*

चेक-इन बॅगेत नको. टोपीचा डबा असेल तर तो हातात ने, नसेल तर डोक्यावर घालून विमानात चढ, विमानतळावर चार माणसं हसतील, हसू देत. काढलीस की कडेवर ठेवायची नाही, उलटी, माथ्यावर ठेवायची, नाहीतर कड चपटी होते. आतल्या पोकळीत मोज्यांचे गोळे भर. विमानतळावर जाईपर्यंत गाडीच्या डिकीत टाकू नकोस. मे महिन्यातल्या ह्यूस्टनच्या उन्हात आतली घामाची पट्टी आखडते, आणि मग ती टोपी तुझ्या डोक्यालाही बसणार नाही, आजोबांच्या तर नाहीच.